सहक्षेपण : एक आवाज, अनेक दारे आणि हाती उरणारी प्रत

मकरसंक्रांतीच्या आगेमागे सीमाभागात ग्रामीण साहित्य संमेलनांचे दिवस सुरू होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांतून सकाळी ग्रंथदिंडी निघते, लेझीम आणि टाळमृदंगाच्या साथीने ती मंडपात येते आणि मग दिवसभर मराठी ऐकू येत राहते. गेल्या काही वर्षांत या मंडपांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. पहिल्या रांगेच्या थोडे पुढे, ध्वनिक्षेपकाच्या तारा चुकवून, तीन स्टँडवर तीन मोबाइल उभे असतात. एक फेसबुकसाठी, दुसरा यूट्यूबसाठी आणि तिसरा, उभा धरलेला, इन्स्टाग्रामसाठी. प्रत्येकामागे गावातला एकेक तरुण, खिशात चार्जिंगची बॅटरी घेऊन उभा.

तीन मोबाइल कशाला, असे आम्ही एकदा विचारले. उत्तर साधे होते. बडोद्याची मावशी फेसबुकवर असते, पुण्यात नोकरीला गेलेला भाऊ यूट्यूब पाहतो आणि महाविद्यालयातली मुले इन्स्टाग्रामखेरीज दुसरे काही उघडत नाहीत. संमेलन एकच, पण माणसे तीन ठिकाणी. एकच दार उघडले तर दोन घरे बाहेर राहतात.

अनेक राज्यांत आणि आता अनेक देशांत विखुरलेल्या भाषकसमूहाला ही गरज इतरांहून अधिक भासते. मात्र गरज नवी नाही. एक आवाज एकाच वेळी अनेक वाटांनी पाठवण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो पाहू लागले की दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. आवाजाची प्रत नेमकी कोठे निघते? आणि कार्यक्रम संपल्यावर ती प्रत कोणाच्या हाती उरते? या लेखात हे दोन धागे धरून तो इतिहास पाहावा, असा आमचा हेतू आहे.

शब्द आधीच होता

आज तरुण मंडळी या प्रकाराला 'मल्टिस्ट्रीमिंग' म्हणतात. परंतु मराठीला यासाठी शब्द शोधावा लागणार नाही, तो आकाशवाणीने केव्हाच रुळवला आहे. एका केंद्रावरचा कार्यक्रम इतर केंद्रे त्याच वेळी ऐकवणार असली की निवेदक सांगत, हा कार्यक्रम अमुक केंद्रांवरून 'सहक्षेपित' होत आहे. 'क्षेपण' म्हणजे फेकणे, 'प्रक्षेपण' म्हणजे दूरवर फेकणे आणि 'सहक्षेपण' म्हणजे अनेक ठिकाणांहून एकाच वेळी फेकणे. तीन मोबाइलमागे उभे असलेले ते तरुण सहक्षेपणच करीत असतात.

शब्दाची आणखी एक गंमत अशी की इंग्रजीतील 'ब्रॉडकास्ट' हा शब्द मूळचा शेतीतला आहे. मुठीत बी घेऊन ते हाताने वावरभर उधळण्याला, म्हणजे आपण ज्याला बी फोकणे म्हणतो त्याला, तो वापरला जाई. फोकलेले बी कोठे पडेल, कोठे रुजेल, हे पेरणाऱ्याच्या हाती नसते. रेडिओला हा शब्द चपखल बसला. सहक्षेपण म्हणजे एकाच मुठीतले बी एकाच क्षणी अनेक शिवारांत फोकणे.

तारेवरून आलेला आवाज

रेडिओ येण्याआधीच ही कल्पना तारेवर अवतरली होती. १८८१ मध्ये पॅरिस येथे विद्युत-प्रदर्शन भरले. तेथे क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक बसवून गाणे दूरध्वनीच्या तारांतून प्रदर्शनाच्या दालनात आणले. लोक रांगा लावून कानाला नळ्या धरीत आणि दूर चाललेले गाणे त्याच क्षणी ऐकत. पुढे १८९३ च्या फेब्रुवारीत बुडापेस्ट येथे तिवादार पुश्काश यांनी 'टेलेफोन हिर्मोंदो' सुरू केले. हे दूरध्वनीवरचे वर्तमानपत्र होते. मध्यवर्ती कचेरीत निवेदक बातम्या वाची आणि वर्गणीदार आपापल्या घरी त्या एकाच वेळी ऐकत. दिवसाचा कार्यक्रम ठरलेला असे. बातम्या, बाजारभाव, संध्याकाळी संगीत. ध्वनिग्राहक एक आणि घरे अनेक, पण सगळ्या तारा एकाच कचेरीच्या मालकीच्या.

रेडिओ आला तेव्हा तार सुटली, पण पल्ल्याची मर्यादा आली. एका प्रक्षेपकाचा आवाज काही मैलांपुढे नीट पोहोचत नसे. साध्या, स्वस्त स्फटिक-संचावर तर जवळचे केंद्र तेवढे लागे. यावर उपाय म्हणून पुन्हा दूरध्वनीच्या तारांचाच आधार घेण्यात आला. ४ जानेवारी १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या केंद्रावरील कार्यक्रम तारेने बोस्टनला नेऊन दोन्हीकडून एकाच वेळी ऐकवण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ब्रिटनमध्ये बीबीसीने टपालखात्याच्या लांब पल्ल्याच्या तारा वापरून आपली केंद्रे जोडली आणि नियमित सहक्षेपण सुरू केले. लंडनची मैफल आता ग्लासगोतील गरीब घरात, स्वस्त संचावर ऐकू येऊ लागली. एप्रिल १९२४ मध्ये वेम्बली येथील साम्राज्य-प्रदर्शनाच्या उद्घाटनाचे राजे पाचवे जॉर्ज यांचे भाषण बीबीसीच्या केंद्रांवरून असेच एकत्र ऐकवले गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सहक्षेपण सोयीचे होते, म्हणूनच ते वाढत गेले, आणि ते वाढले तसे गावोगावच्या केंद्रांचे स्वतःचे कार्यक्रम आक्रसत गेले. लंडनचा चांगला कार्यक्रम आयता मिळत असताना स्थानिक गायकावर खर्च कशाला, हा विचार बळावला. १९३० च्या सुमारास ब्रिटनमधील अनेक लहान केंद्रांची जागा मोठ्या विभागीय केंद्रांनी घेतली. एकच आवाज सर्वत्र पोहोचतो तेव्हा लहान आवाजाला जागा उरते का, हा प्रश्न भाषेच्या अंगाने आपल्याला अनोळखी नाही.

मुंबईचे अठ्ठेचाळीस किलोमीटर

आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा आणि पल्ला सुमारे ४८ किलोमीटर. म्हणजे मुंबईची मराठी कल्याणच्या फारशी पुढे जात नव्हती. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली, कारभार सरकारकडे आला आणि ८ जून १९३६ रोजी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

या काळाचा नकाशा मराठीच्या दृष्टीने पाहिला तर तो फार बोलका आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताकडे आकाशवाणीची सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. त्यांपैकी मराठी मुलखातले केंद्र एकच, मुंबई. परंतु संस्थानांची पाच केंद्रे वेगळी होती : म्हैसूर, त्रावणकोर, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदा. या पाचांपैकी शेवटची तीन अशा गावांत होती जेथे मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. शिवाय गोव्यात पोर्तुगीज राजवटीने १९४६ मध्ये 'एमिसोरा द गोवा' हे केंद्र काढले होते. म्हणजे मराठी भाषकांच्या कानावर पडणारे रेडिओ ब्रिटिश सरकारचे, निजामाचे, गायकवाडांचे आणि पोर्तुगिजांचे असे चार मालकांचे होते. श्रोता एका भाषेचा, पण कोणते केंद्र ऐकायचे हे त्याच्या राजाच्या हद्दीवर ठरे. आज कोणते माध्यम पाहायचे हे जसे खात्यावर ठरते, तसेच काहीसे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटत गेले. १९४८ मध्ये नागपूर व बडोदा, १९५० मध्ये धारवाड, १९५३ मध्ये पुणे अशी आकाशवाणीची केंद्रे वाढली, संस्थानी केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली आणि गोवामुक्तीनंतर पणजीचे केंद्रही तिच्याकडे आले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. केंद्राचे सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांची रचना आणि सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभरात ५६ गीते झाली. ते ऐकण्यासाठी लोक ओसरीवर, दुकानापुढे, शेजाऱ्याच्या खिडकीशी जमत. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हता. त्यामुळे एका संचाभोवती दहा घरे गोळा होत.

पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. लहरींना मात्र ती रेषा ठाऊक नव्हती. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झाले. आमच्या घरांतून रेडिओचा काटा कधी धारवाडवर, कधी सांगलीवर, तर रात्री मुंबईवर फिरत असे. दिल्लीहून वाचली जाणारी मराठी बातमीपत्रे निरनिराळी केंद्रे सहक्षेपित करीत, तेव्हा पणजी, नागपूर आणि मुंबईचे श्रोते तीच वाक्ये त्याच क्षणी ऐकत. प्रत दिल्लीत निघत होती, पण ती ज्या वाटांनी येत होती त्या सगळ्या एकाच, सार्वजनिक मालकीच्या होत्या.

दूरचित्रवाणीने आधी ही वाट अरुंद केली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर एकाच वेळी दिसू लागला. हेही सहक्षेपणच होते, पण ते राजधानीकडून गावाकडे वाहणारे. पुढे उपग्रहवाहिन्या आल्या. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' सुरू झाली आणि डिशच्या जोरावर इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील घरांना एकच मराठी वाहिनी दिसू लागली. ऐकायला, पाहायला मिळाले. बोलायला मात्र अजून मिळत नव्हते. बेळगुंदीच्या कवीला मुंबईच्या वाहिनीवर जागा कोठून मिळणार?

जाळ्यावरची वाट

ही कोंडी इंटरनेटने फोडली, पण एका दिवसात नव्हे. १९९२ च्या सुमारास संशोधकांनी इंटरनेटवर 'एम-बोन' नावाची रचना उभारली. तिची कल्पना फार सुंदर होती. शेताला पाणी देताना आपण एकच पाट काढतो आणि जेथे वाफे फुटतात तेथे त्याच्या शाखा करतो. तसेच येथे आवाज वा चित्र एकदाच पाठवायचे आणि जाळ्यातच, जेथे वाटा फुटतात तेथे, त्याच्या प्रती निघायच्या. २४ जून १९९३ रोजी कॅलिफोर्नियातील संगणक-अभियंत्यांच्या 'सिव्हिअर टायर डॅमेज' या वाद्यवृंदाने या मार्गाने आपला कार्यक्रम थेट पाठवला. इंटरनेटवरची ती पहिली थेट मैफल मानली जाते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात रोलिंग स्टोन्सच्या मैफलीचा काही भाग याच मार्गाने गेला.

सर्वसामान्यांच्या इंटरनेटवर ही रचना मात्र रुजली नाही. तेथे प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळी प्रत पाठवण्याचीच पद्धत राहिली. लाखो प्रती काढायच्या तर मोठमोठे संगणक हवेत, आणि ते ज्यांच्याकडे होते तेच दारांचे मालक झाले. २००७ मध्ये 'जस्टिन डॉट टीव्ही' निघाले. त्याच्या एका संस्थापकाने टोपीवर कॅमेरा लावून आपला दिनक्रमच थेट दाखवायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी 'यूस्ट्रीम' आले. इराकमध्ये गेलेल्या सैनिकांना घरच्या माणसांशी दुरून भेटता यावे, या विचारातून त्याचा जन्म झाला. विखुरलेल्यांना एकत्र आणण्याची ही निकड आपणांस परकी नाही. २०१० मध्ये आयपीएलचे सामने यूट्यूबवर थेट दिसले. २०११ मध्ये यूट्यूबची थेट प्रक्षेपणाची सोय सुरू झाली आणि जस्टिन डॉट टीव्हीमधून 'ट्विच' वेगळे निघाले. २०१५ मध्ये 'पेरिस्कोप' आले, २०१६ मध्ये फेसबुकने थेट प्रक्षेपण सर्वांना खुले केले आणि वर्षअखेरीस इन्स्टाग्रामवरही ते आले. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झाले, मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातल्या मंडपातून चित्र बाहेर जाऊ लागले.

दारे अनेक झाली. आता एका मंडपातून सर्व दारांपर्यंत जायचे कसे? यंत्रांची भाषा जुनीच होती. फ्लॅशच्या काळात मॅक्रोमीडिया या कंपनीने 'आरटीएमपी' नावाची पद्धत घडवली होती. तिचा तपशील अडोबीने २००९ मध्ये जाहीर केला. फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपले, पण मंडपातून माध्यमापर्यंत चित्र नेणारी ही पद्धत टिकली. प्रत्येक माध्यम आपल्याला एक पत्ता आणि एक गुप्त किल्ली देते. त्या पत्त्यावर, त्या किल्लीने चित्र पाठवले की ते तेथून प्रेक्षकांकडे जाते. २०१२ मध्ये 'ओबीएस' ही संगणकप्रणाली आली. ती मुक्त व मोफत असल्याने साध्या लॅपटॉपवर कोणालाही कॅमेरा, ध्वनी आणि पडद्यावरची अक्षरे जुळवून थेट प्रक्षेपण करता येऊ लागले.

आता व्यवहारातली अडचण पाहा. बऱ्यापैकी स्पष्ट चित्र पाठवायला सुमारे ३ ते ४ मेगाबिट प्रतिसेकंद इतका वेग लागतो. तीन माध्यमांवर मंडपातूनच वेगवेगळे पाठवायचे तर वेगही तिप्पट हवा. गावात दोनतीन हजार माणसे जमली की मोबाइलचा मनोरा आधीच दमलेला असतो. मग चित्र अडखळते, आवाज तुटतो. यावर उपाय म्हणून मधले दूत आले. २०१५ च्या सुमारास युक्रेनमधील तरुणांनी उभारलेली 'रिस्ट्रीम' ही सेवा त्यांपैकी एक आणि २०१८ च्या सुमारास आलेली 'स्ट्रीमयार्ड' दुसरी. मंडपातून चित्र एकदाच त्यांच्या संगणकाकडे जाते. प्रती तेथे निघतात आणि तेथून फेसबुक, यूट्यूब अशा दारांवर पोहोचतात. ज्यांना तांत्रिक जाण आहे ते भाड्याच्या संगणकावर मोफत प्रणाली बसवून हेच काम स्वतःही करू शकतात.

म्हणजे फिरून आपण पाटाच्याच कल्पनेकडे आलो. १९२३ मध्ये टपालखात्याच्या तारेने जे केले, एम-बोनने जे करू पाहिले, तेच आज मधला संगणक करतो. पाणी एकदाच सोडायचे, वाफे पुढे फुटतील.

दारांचे मालक

तंत्राने वाट मोकळी केली तरी दारांच्या मालकांना हे नेहमीच रुचले असे नाही. प्रेक्षक आपल्याच अंगणात राहावा, असे प्रत्येकाला वाटते. ट्विचने आपल्या करारबद्ध प्रक्षेपकांना अनेक वर्षे इतरत्र थेट प्रक्षेपण करू दिले नाही. २०२२ मध्ये ही अट काहीशी सैल झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच वेळी इतर माध्यमांवर जाण्याची सर्वसाधारण मुभा मिळाली. मात्र त्या वेळच्या नियमांत एक अट होती : दोन माध्यमांवरच्या प्रेक्षकांचे बोलणे एकत्र करून आपल्या प्रक्षेपणात दाखवू नये. आवाज एकत्र जावा, पण ऐकणारे एकमेकांना दिसू नयेत, असा त्या अटीचा अर्थ. गीतरामायणाच्या काळी एका संचाभोवती दहा घरे बसत. आज दहा घरांत दहा संच असतात आणि मावशीने फेसबुकवर दिलेली दाद यूट्यूबवरच्या भाच्याला दिसत नाही. सहक्षेपणाने आवाज पोहोचतो, सभा मात्र वाटली जाते, हे मान्य केले पाहिजे.

आणि दारे कायमची नसतात. जस्टिन डॉट टीव्ही २०१४ मध्ये बंद झाले. मायक्रोसॉफ्टचे 'मिक्सर' जुलै २०२० मध्ये मिटले. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि एका रात्रीत असंख्य प्रक्षेपकांचा प्रेक्षक नाहीसा झाला. पेरिस्कोप ३१ मार्च २०२१ रोजी थांबले. ज्यांनी एकाच दारावर घर बांधले होते त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. ज्यांची पावले दोनतीन दारांशी होती ते तरले.

दार उघडे असले तरी ते आपल्याच ताब्यात राहील याची शाश्वती नसते. २० सप्टेंबर २०२४ रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाची यूट्यूब-वाहिनी कोणी बळकावली आणि तेथे आभासी चलनाच्या चित्रफिती दिसू लागल्या. देशातील सर्वोच्च न्यायपीठाच्या बाबतीत हे घडू शकते, तर गावच्या साहित्य संघाचे काय?

आमचाही एक लहानसा अनुभव आहे. एका संध्याकाळी अभंगगायन चालू होते आणि ते तीन ठिकाणी थेट जात होते. एका माध्यमाच्या स्वयंचलित तपासणीने आमच्या गावच्या गायकाचा अभंग कोण्या कंपनीची ध्वनिमुद्रिका समजून मध्येच आवाज बंद केला. इंदूरहून एका काकांचा फोन आला, "अहो, तोंडं हलताहेत, पण ऐकू काहीच येत नाही." आम्ही म्हटले, "काका, दुसऱ्या दारानं या." ते आले आणि उरलेला कार्यक्रम त्यांनी ऐकला. दुसरे दार नसते तर त्या संध्याकाळचा अभंग त्यांच्यापुरता मुका राहिला असता.

टाळेबंदीतले दिवस

या साऱ्याची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. मार्चअखेर देश बंद झाला. व्याख्यानमाला, कीर्तने, नाटके, ग्रंथालयांच्या बैठका थांबल्या. त्या वर्षी पायी वारीही झाली नाही. पालख्या एसटीने पंढरपुरास गेल्या आणि १ जुलैची आषाढी लोकांनी पडद्यावर पाहिली. कीर्तनकारांनी घरातल्या भिंतीपुढे, तबला-पेटीच्या जेमतेम साथीने, मोबाइलसमोर उभे राहून कीर्तने केली. व्याख्यात्यांनी घरातल्या पुस्तकांच्या कपाटापुढे बसून व्याख्याने दिली. आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. सभागृहातल्या खुर्च्यांची संख्या संपली, तशी गावाची हद्दही संपली. बेळगावच्या व्याख्यानाला ग्वाल्हेरचा श्रोता आला, हैदराबादच्या कविसंमेलनात अमेरिकेतल्या मुलीने प्रश्न विचारला. ज्या मराठी वस्त्या एकमेकींना केवळ वार्षिक अंकांतून ओळखत होत्या त्या आठवड्याला भेटू लागल्या.

त्या दोन वर्षांत बृहन्महाराष्ट्रातील मराठीची केवढी तरी सामग्री थेट प्रक्षेपणांतून निर्माण झाली. वयोवृद्धांच्या आठवणी, बोलींतल्या कविता, गावोगावची ओवी, भारुडे. त्यांतील कित्येक माणसे आता आपल्यांत नाहीत. मग साहजिकच विचार येतो : ती सामग्री आज कोठे आहे?

हाती उरणारी प्रत

फेब्रुवारी २०२५ मध्ये फेसबुकने जाहीर केले की थेट प्रक्षेपणांची चित्रमुद्रणे यापुढे ३० दिवसच ठेवली जातील आणि मग आपोआप काढली जातील. १९ फेब्रुवारीपासून हा नियम लागू झाला. आधीची, वर्षानुवर्षांची थेट प्रक्षेपणेही टप्प्याटप्प्याने काढली जाणार होती. ती उतरवून घेण्यासाठी वापरकर्त्यांना सूचना व मुदत देण्यात आली. जागा त्यांची, नियम त्यांचे. तक्रार करण्यापेक्षा आपण बोध घेतलेला बरा. ज्या ग्रंथालयाच्या वा मंडळाच्या पानाचा परवलीचा शब्द एका उत्साही तरुणाकडे होता आणि तो तरुण नोकरीसाठी परगावी गेला, त्या मंडळाने ती सूचना पाहिली असेल का?

येथे आमच्या सुरुवातीच्या दोन प्रश्नांची गाठ पडते. सहक्षेपण करताना प्रती अनेक निघतात, पण त्या सगळ्या परक्या घरी असतात. तीन दारांतून गेलेल्या कार्यक्रमाची चौथी प्रत, आपल्या हातातली, आपण ठेवलीच नाही तर तीन दारे मिटताच तो कार्यक्रम झालाच नव्हता असे होते.

मराठीला ही गोष्ट नवीन शिकवावी लागू नये. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा सिद्ध करावे लागले. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. पोथ्यांच्या नकला दूरदूरच्या मठांत जपल्या गेल्या, तेव्हा कोठे ते वाङ्मय आपल्यापर्यंत आले. १९४६ मध्ये बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो आज आपणांस ठाऊक आहे, कारण तो कागदावर उतरला. गीतरामायण पुस्तकाच्या आणि ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने जपले गेले, म्हणून आज नातवंडांनाही ते ऐकता येते. त्याच वर्षीचे आकाशवाणीवरचे कितीतरी कार्यक्रम हवेत विरून गेले.

म्हणून आमची सर्व मंडळांना, वाचनालयांना आणि संमेलनांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. दारे अनेक उघडा, एकावर विसंबू नका. पण प्रक्षेपण सुरू करताना ओबीएसमध्येच मुद्रणाची कळ दाबा, म्हणजे मंडपातली मूळ प्रत आपल्याच लॅपटॉपवर तयार होईल. मोबाइलनेच प्रक्षेपण करीत असाल तर चौथा मोबाइल नुसत्या मुद्रणासाठी लावा. त्याला इंटरनेट लागत नाही, म्हणून तो अडखळतही नाही. कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री फाइलला गाव, दिनांक, वक्ता आणि विषय अशी चार नावे देवनागरीत द्या. दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवा, एक वाचनालयात आणि दुसरी दुसऱ्या गावी. जमल्यास तिसरी इंटरनेट आर्काइव्हसारख्या सार्वजनिक संग्रहात, कलावंतांची संमती घेऊन. माध्यमांच्या किल्ल्या आणि परवलीचे शब्द एका माणसाच्या खिशात न ठेवता मंडळाच्या दप्तरात नोंदवा. निवेदकाने सुरुवातीला 'नमस्कार मंडळी' म्हणतानाच गाव आणि तारीख उच्चारावी. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला तेवढाच पुरावा असेल.

आणि एक छोटी सूचना भाषेची. पुढच्या वर्षी मंडपात निवेदन करताना 'आपण लाईव्ह आहोत' याऐवजी एकदा म्हणून पाहा, "हे संमेलन तीन माध्यमांवरून सहक्षेपित होत आहे." बडोद्याच्या मावशींच्या पिढीला तो शब्द कानाला ओळखीचा लागेल आणि मोबाइलमागे उभ्या असलेल्या मुलांना कळेल की ते करीत असलेल्या कामाला मराठीत नाव आहे. मग त्यांना हळूच विचारा, "बाळांनो, आपली प्रत निघते आहे ना?"